बेडूक आणि भेक : एका नावाचे दोघे

महाराष्ट्रात जळकोट नावाची दोन गावं आहेत. एक लातूर जिल्ह्यातलं, तालुक्याचं ठिकाण. दुसरं आमचं, तुळजापूर तालुक्यातलं, सोलापूर-हैदराबाद रस्त्यावर नळदुर्गच्या पुढे लागणारं. १९८२ मध्ये लातूर जिल्हा वेगळा झाला, तोपर्यंत ही दोन्ही गावं एकाच उस्मानाबाद जिल्ह्यात होती. (२०२३ पासून जिल्ह्याचं नाव धाराशिव.) त्यामुळे नुसतं ‘जळकोट’ म्हटलं की पुढचा माणूस विचारायचा, ‘कोणतं जळकोट?’ नाव एक असलं तरी गावं दोन आहेत, माती वेगळी, माणसं वेगळी, हे प्रत्येक वेळी समजावून सांगावं लागायचं.

बेडकाचं नेमकं असंच झालं आहे. फरक इतकाच की ‘कोणता बेडूक?’ असं आपल्याला कोणी विचारत नाही.

विहिरीच्या कडेला बसलेला, चाहूल लागताच पाण्यात झेप घेणारा तो बेडूक. आणि रात्री अंगणातल्या दिव्याखाली येऊन किडे मटकावणारा, खरखरीत अंगाचा, हाकललं तरी दोन पावलं सरकून पुन्हा बसकण मारणारा, तोही बेडूकच! इंग्रजीत या दोघांना फ्रॉग आणि टोड अशी दोन वेगळी नावं आहेत. आपल्याकडे या दुसऱ्याला पुस्तकी मराठीत ‘भेक’ म्हणतात; पण भेक हा शब्द गावात कोणाच्या तोंडी नाही. चाळीस मुलांच्या वर्गात विचारलं तर एखादा हात वर व्हायचा, तोही पुस्तकात वाचलं होतं म्हणून.

मी काही प्राणिशास्त्राचा माणूस नाही. माझी पदवी कलाशाखेची आणि शाळेत मी शिकवलं ते मराठी आणि इतिहास. त्यामुळे या दोघांकडे मी पाहतो तेही इतिहासाच्याच अंगानं. आणि तसं पाहिलं की एक गोष्ट ठळकपणे दिसते. माणसाच्या हातून या दोघांच्या वाट्याला जे आलं ते अगदी उलटसुलट आहे. जो देखणा होता, चपळ होता, उपयोगाचा होता, त्याच्यावर संकटं आली. ज्याची किळस वाटली तो बराच काळ सुखरूप राहिला. पण इतिहासाकडे जाण्यापूर्वी दोघांची नीट ओळख करून घेऊ.

बेडकाची कातडी ओलसर आणि बुळबुळीत. भेकाची कोरडी, जाड, आणि तिच्यावर फोडांसारखे उंचवटे. बेडकाचे मागचे पाय लांब, मांसल. म्हणून त्याची उडी लांब. भेकाचे पाय आखूड. तो उडी मारतो म्हणण्यापेक्षा टुणटुणत जातो, कधी कधी तर सरळ चालतो. बेडकाच्या वरच्या जबड्यात बारीक दात असतात, भेक पूर्ण बोळका. भेकाच्या डोळ्यांमागे दोन्ही बाजूंना एकेक फुगीर गाठ असते. ती विषाची ग्रंथी. कुत्र्याच्या पिल्लानं भेक तोंडात धरला की ते फेस गाळत का पळतं, याचं उत्तर त्या गाठीत आहे.

सगळ्यात सोपी खूण मात्र पहिल्या पावसानंतर डबक्यात दिसते. बेडकाची अंडी पाण्यात पुंजक्यानं असतात, शिजवलेल्या साबुदाण्याच्या गोळ्यासारखी. भेकाची अंडी माळेसारखी, लांबच लांब चिकट दोऱ्यात काळे मणी ओवावेत तशी, पाण्यातल्या गवताला गुंडाळलेली. त्यातून निघणारी शेपटीवाली पिल्लंही काळीभोर असतात. मुलांना एकदा ही माळ दाखवली की ती आयुष्यात विसरत नाहीत, असा माझा अनुभव आहे.

आणि जाता जाता एक गैरसमज दूर करू. भेकाला हात लावला की चामखीळ येते, असं आपल्याकडे घरोघर सांगतात. चामखीळ माणसाला विषाणूमुळे येते, आणि तो विषाणू माणसाकडूनच माणसाकडे जातो. भेकाच्या अंगावरचे फोड म्हणजे त्याच्या कातडीतल्या ग्रंथी. त्यांचा आपल्या चामखिळीशी काही संबंध नाही. भेक हाताळल्यावर हात धुवावेत, डोळे चोळू नयेत, एवढं पुरे.

शास्त्रज्ञांना विचारलं तर ते म्हणतील की भेक हासुद्धा बेडूकवर्गातलाच, त्यातल्या एका कुळाचा. म्हणजे सगळे भेक बेडूक, पण सगळे बेडूक भेक नव्हेत. आपल्या अंगणात येणाऱ्या साध्या भेकाचं शास्त्रीय वर्णन १७९९ मध्ये श्नायडर नावाच्या जर्मन पंडितानं केलं. पुढे दोनशे वर्षं त्याला ‘बुफो’ याच गणात धरत. २००६ मध्ये त्याचं गण बदलून ‘दत्ताफ्रायनस’ झालं. यातले दत्ता म्हणजे सुशील कुमार दत्ता, उभयचर प्राण्यांचे भारतीय अभ्यासक. ज्या जीवाला आपण झाडूनं ढकलतो, त्याच्या नावात आपल्याच देशातला एक अभ्यासक सन्मानानं बसला आहे!

महाराष्ट्राच्या मालकीचेही दोन भेक आहेत. कोयनेच्या परिसरातला भेक १९६३ मध्ये सोमण यांनी जगापुढे आणला. त्याच्या नावातच कोयना आहे. आंबोलीचा, अंगावर वाघासारखे पट्टे असलेला भेक २००९ मध्ये नवीन जात म्हणून नोंदला गेला. या दोघांचं एक वेगळं गणच मानलं गेलं, आणि ते जगात फक्त आपल्या सह्याद्रीत सापडतं. जांभ्या दगडाच्या सड्यावर पावसाचं जे वीतभर पाणी साचतं, त्यात आंबोलीच्या भेकाचं बाळंतपण होतं. ते पाणी आटण्याआधी पिल्लांना पाय फुटले पाहिजेत, नाहीतर खेळ खलास.

आता भाषेकडे वळू, कारण खरा घोळ तिथेच आहे. ऋग्वेदाच्या सातव्या मंडलात १०३ वं सूक्त आहे. त्याला मंडूकसूक्त म्हणतात. वर्षभर गप्प पडून राहिलेले बेडूक पाऊस येताच कसे बोलू लागतात, याचं त्यात फार सुरेख वर्णन आहे. सोमयागाला बसलेल्या ब्राह्मणांशी त्यांची तुलना केली आहे, आणि एकाचं ऐकून दुसरा बोलतो ते गुरूमागे म्हणणाऱ्या शिष्यासारखं, असंही म्हटलं आहे. मला त्यात सगळ्यात आवडतं ते कवीचं निरीक्षण. तो म्हणतो की नाव सगळ्यांचं एक, पण कोणी गायीसारखा हंबरतो, कोणी बोकडासारखा ओरडतो. एक ठिपक्याठिपक्यांचा, एक हिरवा. म्हणजे नाव एक आणि प्राणी अनेक, ही गोष्ट त्या प्राचीन कवीच्या कानांनी आणि डोळ्यांनी तेव्हाच टिपली होती. आपण मात्र त्याच्याही मागे गेलो.

संस्कृतात शब्दांची काही वाण नव्हती. अमरकोशात बेडकाला भेक, मंडूक, वर्षाभू, शालूर, प्लव, दर्दुर अशी नावं दिली आहेत. वर्षाभू म्हणजे पावसात होणारा. प्लव म्हणजे उडी मारणारा, पोहणारा. पण हे सगळे समानार्थी शब्द. एका जातीला एक नाव अशी वाटणी त्यात नाही. मराठीत रोजच्या बोलण्यात बेडूक राहिला, आणि मंडूक फक्त ‘कूपमंडूक’ म्हणून टोमणा मारण्यापुरता उरला. पुढे आधुनिक शास्त्र मराठीत लिहायची वेळ आली तेव्हा टोडसाठी शब्द हवा होता. जुन्या पेटीत वापराविना पडलेला ‘भेक’ हाताशी होता, तो त्याला दिला गेला. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींनी वाईला उभ्या केलेल्या मराठी विश्वकोशातही टोड म्हणजे भेकच. शब्द चांगला आहे, छोटा आहे. पण तो कोशातून अंगणात आला नाही. ज्याला नाव नाही त्याची मोजदाद होत नाही, आणि तो नाहीसा झाला तरी कोणाच्या लक्षात येत नाही. म्हणून मला हा शब्द महत्त्वाचा वाटतो.

नावाच्या या गोंधळाचं एक उदाहरण आमच्या मराठवाड्यातल्या प्रथेत सापडतं. मृग कोरडा गेला की गावात ‘धोंडी’ निघायची. पोरं अंगाला कडुनिंबाचा पाला बांधायची, मुसळाला मधोमध बेडूक बांधायचा, तो दोघांच्या खांद्यावर, आणि घरोघर पाणी मागत फिरायचं. बायाबापड्या तांब्याभर पाणी ओतायच्या, पसाभर धान्य द्यायच्या. बेडूक आणि पाऊस यांचं नातं वेदातल्या त्या कवीइतकंच जुनं आहे, त्यामुळे प्रथेमागचा विचार समजतो. पण जरा हिशेब करून पाहा. पाऊस पडलेला नाही, ओढा कोरडा, डबकी कोरडी. मोठा बेडूक तर जमिनीखाली ग्रीष्मनिद्रेत पडलेला. मग पोरांच्या हाती लागायचा कोण? रांजणाखालच्या ओलीत, न्हाणीच्या दगडाखाली दडून बसलेला भेक! म्हणजे पाण्यासाठी ज्याला वेशीपासून वेशीपर्यंत मिरवलं, तो त्या सगळ्या गोतावळ्यात सर्वांत कमी पाण्यावर जगणारा प्राणी होता. पाऊस मागायचा बेडकाच्या नावानं, आणि उलटा टांगला जायचा भेक.

पण हा अपवाद समजा. बाकी इतिहासात मार खाल्ला तो बेडकानंच.

इटलीत बोलोन्या शहरात लुइजी गॅल्व्हानी नावाचा वैद्य होता. १७८० च्या दशकात त्यानं पाहिलं की मेलेल्या बेडकाच्या पायाच्या मज्जातंतूला धातूचा स्पर्श झाला की पाय झटकन आखडतो. १७९१ मध्ये त्यानं आपलं लेखन प्रसिद्ध केलं. प्राण्याच्या अंगातच वीज असते, असं त्याचं म्हणणं. व्होल्टाला ते पटेना. वीज दोन वेगळ्या धातूंमुळे येते, असं तो म्हणाला. आपलं म्हणणं सिद्ध करण्याच्या खटपटीत १८०० मध्ये व्होल्टानं पहिली विद्युत बॅटरी बनवली. आज आपल्या हातातल्या मोबाइलच्या बॅटरीची वंशावळ मागे नेत नेत गेलो तर मुळाशी बेडकाची तंगडी सापडते! गॅल्व्हानीला बेडूकच का हवा होता? कारण त्याचे पाय लांब, मांसल, आणि मज्जातंतू सहज मोकळा करता येतो. जो गुण त्याला उडीसाठी मिळाला, तोच त्याला प्रयोगाच्या टेबलावर घेऊन गेला.

त्या टेबलावरून तो दोनशे वर्षं उठला नाही. आपल्या महाविद्यालयांत प्राणिशास्त्र म्हटलं की बेडकाचं विच्छेदन आलंच. मोठा भारतीय बेडूक, ज्याचं तेव्हाचं शास्त्रीय नाव ‘राना टिग्रिना’, तो अभ्यासक्रमाचा नायक होता. त्याचं हृदय, त्याचं आतडं, त्याच्या नसा तोंडपाठ करून कित्येक पिढ्या डॉक्टर झाल्या. काही ठिकाणी स्वस्त पडतात म्हणून भेकही वापरले गेले, नाही असं नाही. पण पुस्तकातली आकृती बेडकाची होती. विद्यापीठ अनुदान आयोगानं २०११ मध्ये विच्छेदन कमी करण्याच्या सूचना दिल्या, आणि २०१४ मध्ये पदवी आणि पदव्युत्तर वर्गांत ते थांबवायला सांगितलं.

भेकाला प्रयोगशाळेत मान मिळाला तो वेगळ्या कामासाठी, आणि ती हकिगत मोठी गमतीची आहे. १९४७ मध्ये अर्जेंटिनात गाली मैनिनी या डॉक्टरांनी गरोदरपणाची एक चाचणी शोधली. बाईच्या लघवीचा थोडा अंश नर भेकाला टोचायचा. बाई गरोदर असेल तर तिच्या लघवीतल्या संप्रेरकामुळे काही तासांतच भेकाच्या मूत्रात शुक्रजंतू दिसू लागतात. त्याआधी अशा चाचण्यांत उंदीर नाहीतर ससा मारून पाहावा लागे आणि दिवस मोडत. इथे भेक मरत नसे, काही दिवस विश्रांती दिली की पुन्हा कामाला येई. आज औषधाच्या दुकानात मिळणाऱ्या पट्टीच्या आधी कित्येक बायांना गोड बातमी या कुरूप प्राण्यानं दिली आहे. बेडकाचा देह विज्ञानानं मागितला, भेकाची मात्र नुसती साक्ष काढली.

आणि आता सगळ्यात मोठा अध्याय, आपल्या देशाचा. १९५० च्या दशकाच्या अखेरीपासून भारतातून बेडकाच्या तंगड्या गोठवून परदेशी जाऊ लागल्या. फ्रान्समध्ये आणि युरोपातल्या इतर देशांत, तसंच अमेरिकेत, ती मेजवानीची वस्तू. केरळ, बंगाल अशा भातशेतीच्या मुलखांतून पावसाळ्याच्या रात्री दिवे घेऊन माणसं निघत. उजेड डोळ्यांवर पडला की बेडूक जागीच थिजतो. पोत्यात भरायला वेळ लागत नाही. पाय कापून घ्यायचे आणि बाकीचा देह टाकून द्यायचा. १९८१ च्या सुमारास वर्षाला चार हजार टनांहून जास्त माल बाहेर गेला. लक्षात घ्या, हे वजन फक्त पायांचं! आणि पकडायचा हंगाम कोणता, तर पावसाळा, म्हणजे नेमका विणीचा काळ. त्या दिवसांत मोठ्या बेडकाचा नर हळदीसारखा पिवळा होतो, गळ्याखाली निळे फुगे येतात, आणि तो मोठमोठ्यानं मादीला बोलावतो. बोलावणं मादीला, आणि यायचा पोतं घेऊन माणूस.

याविरुद्ध आवाज उठला त्यात मुंबईचं नाव आहे, आणि ते आपण विसरता कामा नये. १८८३ पासूनची बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी आपल्या सर्वांना सालिम अलींमुळे माहीत आहे. त्यांच्याच नात्यातले हुमायून अब्दुलअली (१९१४-२००१) हे त्या संस्थेचे एक खंदे कार्यकर्ते. माणूस पक्ष्यांचा, पण १९८५ मध्ये त्यांनी संस्थेच्या जर्नलमध्ये भारतातून होणाऱ्या तंगड्यांच्या निर्यातीवर सविस्तर लेख लिहिला. मुद्दा साधा होता. बेडूक शेतातले किडे खातो. तो विकून परकीय चलन मिळवायचं, आणि किडे वाढले की त्याच चलनातून कीटकनाशक आणायचं, हा कुठला व्यवहार? आमच्याकडे याला ‘आवा विकून चरवी घेणं आणि पाणी तापवायला काही न उरणं’ म्हणता येईल. त्याच १९८५ मध्ये मोठ्या बेडकाचा समावेश वन्यजीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या यादीत झाला, आणि १९८७ मध्ये भारतानं तंगड्यांची निर्यात बंद केली. धंदा मात्र जगातून संपला नाही; तो इंडोनेशियाकडे सरकला.

पंचतंत्रातला गंगदत्त आठवतो ना? विहिरीतल्या बेडकांचा राजा. भाऊबंदांचा काटा काढायला त्यानं स्वतःच सापाला विहिरीत आणलं, आणि साप सगळं कुळ खाऊन बसला. बाहेरच्या भुकेला आत वाट दाखवली की तिला ‘आता पुरे’ म्हणणं अवघड होतं.

या तीस वर्षांत भेकाचं काय झालं? काहीच नाही. त्याचे पाय आखूड, त्यावर मांस नाही, कातडीत विष. त्याला कोणी पोत्यात भरलं नाही. युरोपात मध्ययुगात त्याला चेटकिणीचा सोबती मानत, आपल्याकडे चामखिळीचा धनी मानत. आणि या बदनामीनंच त्याचं रक्षण केलं. आपल्या पुराणात वरदान म्हणून मिळालेलं रूप अनेकांना भोवलेलं आहे. इथे कुरूपपणाच वर ठरला.

पण म्हणून भेकाला साधू ठरवायचं कारण नाही. १९३५ मध्ये ऑस्ट्रेलियात उसावरचे भुंगे खाण्यासाठी हवाई बेटांवरून शंभरएक मोठे अमेरिकन भेक आणले. त्यांनी भुंगे सोडून बाकी सगळं खाल्लं. त्यांचे विष पचवू न शकणारे तिथले प्राणी त्यांना खाऊन मेले, आणि आज त्यांची संख्या कोटींत आहे. आपल्या अंगणात दिसतो त्या जातीचा भेकही मादागास्कर बेटावर बंदराजवळ २०१४ मध्ये सापडला. बहुधा जहाजाच्या मालातून गेला असावा. तिथेही हीच काळजी आहे. दोष प्राण्याचा नाही. त्याचं घर सोडवून त्याला भलतीकडे नेणाऱ्या हाताचा आहे. घरी तो शेतकऱ्याचा फुकटचा रखवालदार, आणि परक्या भूमीवर तोच उपद्रव.

आता परत आमच्या जळकोटाकडे येऊ. आमचा भाग भाताचा नाही. ज्वारी, तूर, हल्ली सोयाबीन आणि ऊस. इथल्या बेडकाचं घर भाताचं खाचर नव्हतं, विहीर होती. पायऱ्या असलेली, कपारीत शेवाळ आणि पारव्यांची घरटी असलेली विहीर. जवळच नळदुर्गच्या किल्ल्यात इब्राहिम आदिलशहा दुसरा यानं सतराव्या शतकाच्या सुरुवातीला बोरी नदीवर बांध घालून त्याच्या पोटात पाणीमहाल बांधला. या कोरड्या मुलखात पाणी अडवणं ही राजाची शान होती, आणि पाणी उघड्यावर, डोळ्यांना दिसेल असं असायचं. १९७२ च्या दुष्काळात माणसांनी खडी फोडली, पाझर तलाव खणले. तेही उघडं पाणी. त्यात बेडूक होता.

मग बोअर आलं. सहा इंची भोक, त्यात लोखंडी नळी, दोन-चारशे फूट खोल पाणी. ते पाणी माणसाला मिळतं, पिकाला मिळतं. पण त्यात बेडकाला जागा नाही, पारव्याला नाही, कासवाला नाही. बोअरच्या उपशानं जुन्या विहिरी कोरड्या पडल्या, आणि कोरड्या विहिरीत लोक कचरा टाकू लागले. आपण अजून मुलांना ‘कूपमंडूक होऊ नका’ असं सांगतो. पण त्या म्हणीतला कूप गेला आणि मंडूकही गेला! आमच्याकडचा बेडूक कोणी विकला नाही. त्याच्या पायाखालचं पाणी काढून घेतलं, एवढंच.

भेक मात्र अजून आहे. त्याला वर्षातले थोडेच दिवस साचलेलं पाणी लागतं. बाकी दिवस तो दगडाखाली, कुंडीखाली, मोरीच्या ओलीत काढतो. म्हणून आज गावात रात्री दिव्याखाली जे दिसतं ते बहुतेक भेकच, आणि लोक म्हणतात, ‘बेडूक आहेत की अजून, कुठे कमी झालेत?’ पाहा, एका नावाचा तोटा तो हा! भेकाला पाहून आपण बेडकाची हजेरी लावतो. शाळेत एकाची हजेरी दुसऱ्यानं दिली तर आम्ही मास्तर लोक लगेच ओळखायचो.

आणि भेकाचीही परीक्षा आता सुरू झाली आहे. त्याचं विष सापाकुत्र्यांवर चालतं, ट्रकच्या चाकावर चालत नाही. हैदराबाद रस्ता रुंद झाला, गाड्यांचा वेग वाढला. पहिल्या पावसाच्या रात्री भेक डबक्याकडे निघतात, वाटेत डांबर लागतं, आणि सकाळी रस्त्यावर चपट्या झालेल्या कातड्या दिसतात. शेततळ्याच्या गुळगुळीत प्लास्टिकवर उतरलेला भेक वर चढू शकत नाही. काही पोरं गंमत म्हणून त्याच्या अंगावर मीठ टाकतात. कातडीतून पाणी घेणाऱ्या जीवाला मीठ म्हणजे आग.

करायचं काय? फार मोठं काही नाही. शेततळ्याच्या एका कडेला काथ्याचा जुना दोरखंड किंवा गोणपाट सोडून ठेवलं तर पडलेला जीव वर येतो. बंद पडलेल्या विहिरीत कचरा टाकण्याऐवजी तिच्यात पावसाचं पाणी वळवता येतं. गावालाही ते लाभतं. पहिल्या पावसानंतर शाळेमागचं डबकं दोन महिने बुजवू नये, आणि मास्तरांनी एक तास वर्ग तिथे न्यावा. पुंजका कोणता, माळ कोणती, एवढं मुलांना दाखवलं तरी पुष्कळ. आणि दिसला की त्याला त्याच्या नावानं म्हणावं, ‘हा भेक’.

पावसाळ्याच्या रात्री दोन-चार मिनिटं कान देऊन ऐकलं तर फरक घरबसल्या कळतो. लांबवर, न थांबता, एकसुरी क्रर्रर्र असा आवाज येतो तो भेकाचा. आणि दमदार ‘डराँव’ असा मोठा, तुटक हुंकार आला, तर तो बेडूक. आमच्या गल्लीतून हल्ली पहिला आवाज ऐकू येतो. दुसरा ज्यांच्या गावात अजून ऐकू येत असेल, त्यांनी आपली विहीर जपावी.